कौल कशाचा?

९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री अमेरिकेतील मिशिगन राज्यात, एका विद्यापीठाच्या व्यासपीठावर टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी उभे होते. आपण राष्ट्राध्यक्ष झालो तर केंद्र सरकारची तीन खाती बंद करू, असे ते सांगू लागले. वाणिज्य, शिक्षण... आणि तिसरे काही केल्या आठवेना. शेजारचे प्रतिस्पर्धी नावे सुचवू लागले, प्रश्नकर्त्याने पुन्हा विचारले, आणि मिनिटभराच्या धडपडीनंतर 'उप्स' एवढाच उद्गार त्यांच्या तोंडून निघाला. तिसरे खाते ऊर्जेचे होते.

पेरी यांची उमेदवारी त्या एका उद्गाराने बुडाली, असे आजही सर्रास सांगितले जाते. आमचीही समजूत तशीच होती. मात्र तारखा आणि आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले तेव्हा निराळेच चित्र दिसले, आणि त्या चित्राने आम्हांला अस्वस्थ केले.

आपल्याकडे पक्षाचे तिकीट श्रेष्ठींकडून येते. अमेरिकेत मात्र राज्याराज्यांतील सामान्य मतदार 'प्रायमरी' नावाच्या प्राथमिक निवडणुकीत पक्षाचा उमेदवार निवडतात. त्याआधी कित्येक महिने इच्छुकांच्या जाहीर वादचर्चा दूरचित्रवाणीवर होतात आणि प्रत्येक चर्चेनंतर जनमत चाचण्यांचे आकडे हलतात. ते फार हलतात, याचे कारण साधे आहे. अंतिम निवडणुकीत बहुतेकांचे मत पक्षनिष्ठेच्या खुंट्याला बांधलेले असते. प्राथमिक फेरीत सगळे एकाच पक्षाचे, विचारही बरेचसे सारखे; तेव्हा आज याच्याकडे झुकलेले मन उद्या त्याच्याकडे झुकायला फारसे काही लागत नाही. २७ जून २०१९ रोजी मायामीतील चर्चेत कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना शाळांतील वर्णभेदाच्या जुन्या प्रश्नावर धारेवर धरले आणि अनेक चाचण्यांत त्यांचा पाठिंबा झपाट्याने वाढला. पहिले मत पडण्यापूर्वीच, ३ डिसेंबरला, त्यांनी माघार घेतली होती.

आता पेरी यांच्याकडे वळू. १३ ऑगस्ट २०११ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली. त्याच महिन्यात गॅलपच्या चाचणीत रिपब्लिकन मतदारांपैकी २९ टक्के त्यांच्या बाजूचे होते. मिट रॉम्नी १७ टक्क्यांवर होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरी १५ टक्क्यांवर घसरले. म्हणजे 'उप्स' उच्चारले जाण्याच्या महिनाभर आधीच निम्मा पाठिंबा गेला होता. मधल्या काळात काय घडले? इतरही कारणे असतील; परंतु सर्वांच्या नजरेत भरलेली घटना २२ सप्टेंबरची, फ्लोरिडातील ऑर्लँडो येथील चर्चा. दोनच दिवसांनी त्याच गावी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी नमुना मतदान केले. त्यात हर्मन केन यांना ३७ टक्के, तर पेरी यांना १५ टक्के मते पडली.

त्या रात्री विषय निघाला होता टेक्सासच्या एका कायद्याचा. आईबापांबरोबर लहानपणी बेकायदा सीमा ओलांडून आलेली, टेक्सासमध्येच शाळा शिकलेली मुले राज्याच्या विद्यापीठांत इतर रहिवाशांइतक्याच शुल्कात शिकू शकतील, असा तो कायदा. २००१ मध्ये पेरी यांनीच त्यावर स्वाक्षरी केली होती. प्रतिस्पर्ध्यांनी त्यावरून त्यांना घेरले. त्यांनी कायद्याचे समर्थन केले आणि ओघात म्हणून गेले की, ज्यांनी स्वतः काही केले नाही त्या मुलांना शिक्षण नाकारा म्हणणाऱ्यांना हृदयच नाही. हे वाक्य श्रोत्यांतील हजारोंना आपल्यावरचा आरोप वाटले. पुढे पेरी यांनी तो शब्द अनुचित होता अशी कबुलीही दिली.

ज्या कृतीकडे त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील दयेची कृती म्हणून बोट दाखवता येईल, तिचाच बचाव करताना हा मनुष्य खाली आला. अर्थात त्यांच्या साऱ्या धोरणांची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. फाशीच्या शिक्षेबाबत त्यांचे आणि आमचे कधीच जुळले नसते. प्रश्न एवढाच, की मतदारांनी कौल दिला तो कशावर? कायद्यावर, की त्या एका बोचऱ्या शब्दावर? कायदा पटला नाही म्हणून कोणी साथ सोडली असेल तर तो त्याचा अधिकार आहे. आपला अपमान झाला म्हणून सोडली असेल तर तेही माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण आणखी एक वर्ग असतो, आणि आमच्या मते तोच मोठा असतो. 'मला त्याचे पटले, पण इतरांना पटणार नाही; तो निवडून येणार नाही; मग मी तरी त्याच्या मागे का राहू?' असे म्हणणाऱ्यांचा हा वर्ग. तो स्वतःचा निवाडा करतच नाही. शेजारी काय निवाडा करील याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजालाच आपले मत म्हणून चाचणीवाल्याला सांगतो. दुसऱ्या दिवशी तो आकडा छापून येतो, शेजारी तो वाचतो, आणि त्याचाही अंदाज पक्का होतो. अशा रीतीने कोणीही न दिलेला निकाल सर्वांच्या नावावर लागतो.

यावर पूर्वपक्ष असा मांडता येईल, आणि तो दुबळा नाही. उमेदवाराची छापील भाषणे दुसऱ्याने लिहिलेली असतात, जाहिराती पैशाने विकत घेतलेल्या असतात. वादचर्चा हीच एक जागा अशी, जिथे त्याला न ठरलेल्या प्रश्नाला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागते. ज्याला राष्ट्राची धुरा वाहायची आहे त्याची जीभ दडपणाखाली अडखळते की नाही, हे पाहणे मतदाराचे कर्तव्यच नव्हे काय? आणि स्वपक्षीयांना दुखवल्यावाचून ज्याला दया सांगता येत नाही, तो परक्यांशी तह कसा करणार?

आम्ही हा आक्षेप अर्धा मान्य करतो. वादचर्चेत काहीतरी खरे तपासले जातेच. पण जिभेची चपळाई तपासून संपूर्ण मनुष्याचा निकाल लावणे म्हणजे नाडी पाहून चारित्र्याचा दाखला देणे होय. बायबलच्या वाचकांना मोशे आणि अहरोन आठवतील. मोशे जड जिभेचा, अहरोन वक्ता. पण लोकांनी गलका करताच सोन्याचे वासरू घडवून देणारा अहरोनच होता. प्लेटोच्या 'गॉर्जियास' या संवादातही सॉक्रेटिस एक कल्पना मांडतो: बालकांच्या न्यायसभेपुढे वैद्य आणि आचारी यांचा खटला उभा राहिला तर वैद्याची धडगत नाही.

आपल्या न्यायशास्त्राने बोलण्याच्या या झटापटींची तीन नावे ठेवली आहेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता केवळ दुसऱ्याचे पाडण्यासाठी ती वितंडा. १९ जानेवारी २०१२ ला, म्हणजे पेरी यांनी माघार घेतली त्याच दिवशी, साउथ कॅरोलायनातील चर्चेत पहिलाच प्रश्न न्यूट गिंग्रिच यांना विचारला गेला. तो त्यांच्या पूर्वपत्नीने केलेल्या आरोपाविषयी होता. त्यांनी आरोप नाकारला, पण उत्तराचा बहुतेक वेळ प्रश्नकर्त्यावर आणि वृत्तमाध्यमांवर तुटून पडण्यात घालवला. सभागृह उठून उभे राहिले. दोन दिवसांनी ते राज्य त्यांनी रॉम्नींविरुद्ध ४० विरुद्ध २८ टक्क्यांनी जिंकले. दहा दिवसांनी फ्लोरिडात ४६ विरुद्ध ३२ ने हरले. गिंग्रिच २००९ मध्ये कॅथलिक झाले होते, म्हणून आम्ही त्यांना झुकते माप देणार नाही. प्रश्न असा जाहीरपणे विचारावा की नाही यावर मतभेद होऊ शकतो. टाळ्या मात्र संतापाला पडल्या, आणि चाचणीने टाळ्या मोजल्या.

असे नेहमीच घडते असेही नाही. १७ मे १९४८ रोजी ओरेगन राज्यात टॉमस ड्यूई आणि हॅरॉल्ड स्टॅसन यांच्यात रेडिओवर तासभर वाद झाला. प्रश्न एकच: कम्युनिस्ट पक्षावर कायद्याने बंदी घालावी काय? स्टॅसन बंदीच्या बाजूचे आणि तोवर आघाडीवर होते. ड्यूई यांनी बंदीला विरोध केला; त्या काळच्या वातावरणात ही भूमिका लोकप्रिय नव्हती. चार दिवसांनी ओरेगनच्या रिपब्लिकन मतदारांनी ड्यूई यांना विजयी केले. ते मुरलेले सरकारी वकील होते, तेव्हा जिभेचा वाटा इथेही होताच. पण एक प्रश्न, एक तास आणि टाळ्या वाजवायला समोर कोणी नाही, एवढी सवड मिळाली की न आवडणारे मतही ऐकून घेतले जाते. ऑर्लँडोच्या व्यासपीठावर नऊ जण होते आणि एका उत्तराला जेमतेम एक मिनिट होते. मध्ययुगीन विद्यापीठांतील वादसभेत उत्तर देणाऱ्याला आधी प्रतिपक्षाचे म्हणणे जसेच्या तसे पुन्हा सांगावे लागे. पेरी यांना तो नियम लागू असता तर 'हृदय नाही' म्हणण्यापूर्वी त्यांना विरोधकाची चिंता स्वतःच्या तोंडून बोलावी लागली असती. आणि विरोधकांना त्या मुलांची.

२०१७ मध्ये पेरी ऊर्जा खात्याचेच मंत्री झाले. नेमणुकीपूर्वी सिनेटच्या समितीपुढे त्यांनी सांगितले की, या खात्याचे काम समजून घेतल्यावर ते बंद करण्याची आपण शिफारस केली होती याचा खेद वाटतो. त्या साक्षीची फारशी कोणाला आठवण नाही.

टेक्सासचा तो कायदा चोवीस वर्षे टिकला. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने त्याविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. ज्या राज्याने तो कायदा केला होता त्याने विरोध केला नाही. उलट संमती दिली. न्यायाधीशांनी त्याच दिवशी कायदा थांबवला. मुलांची बाजू त्या दिवशी कोणी मांडली नाही.