वरच्या अंगाला कोण?

माझे बालपण शिरूरला गेले. जुनी माणसे अजूनही त्या गावाला घोडनदीच म्हणतात. आजोळ दौंडचे. घोडनदी पुढे जाऊन भीमेला मिळते, आणि सुट्टी लागली की आम्हीही भीमेकाठच्या त्या गावी जात असू. तिथे मामूंची बर्फगोळ्याची गाडी होती. सकाळी कारखान्यातून बर्फाची लादी यायची. ती भुशात घोळवून गोणपाटात गुंडाळायची, म्हणजे दुपार निघायची. बर्फ म्हणजे विकत आणायची आणि वितळण्याआधी विकून टाकायची वस्तू, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती.

पुढे वाचनातून कळले की काही माणसांसाठी बर्फ हा रस्ता असतो. सैबेरियातले याकुत्स्क शहर लेना नदीच्या काठी आहे. पूल नसल्यामुळे तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून पलीकडे जात आली. कॅनडाच्या उत्तरेकडील कित्येक वस्त्यांना इंधन आणि बांधकामाचे सामान पोचते ते गोठलेल्या तळ्यांवरून आणि नद्यांवरून जाणाऱ्या मालमोटारींनी. थंडी लांबली की हा रस्ता उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो. याहून वाईट म्हणजे, बर्फ वरून शाबूत दिसतो आणि खालून पातळ झालेला असतो. बापजाद्यांनी शिकवलेली वाटच माणसाला दगा देते.

हे केवळ म्हाताऱ्यांचे ‘आमच्या वेळी’ नव्हे. जपानमधले सुवा तळे कधी गोठले, हे तिथल्या देवस्थानाचे पुजारी १४४३ पासून लिहून ठेवत आले आहेत. फिनलंड आणि स्वीडनच्या सीमेवरील टॉर्ने नदीचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला, याची नोंद १६९३ पासून आहे. उत्तर गोलार्धातल्या अशा जुन्या नोंदी एकत्र करून जॉन मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक निबंध प्रसिद्ध केला. १८४६ ते १९९५ या काळात तळी आणि नद्या गोठण्याचा दिवस शंभर वर्षांमागे सरासरी ५.८ दिवसांनी पुढे गेला होता आणि बर्फ फुटण्याचा दिवस ६.५ दिवसांनी अलीकडे आला होता. त्यानंतर तापमान आणखी वेगाने वाढले. १९७९ पासून उत्तर ध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, उघडे काळे पाणी ते पिऊन घेते. म्हणून एकदा बर्फ लवकर गेला की पाणी अधिक तापते आणि पुढच्या खेपेला गोठायला आणखी वेळ लावते.

हे सगळे मी एकदा मामूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “उनो बरफ पर चलते, मैं बरफ बेचता. इसमें मेरा क्या कसूर?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतात दरडोई वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो; जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक, आणि अमेरिकेत तर सुमारे १४ टन. त्यातही ‘दरडोई’ हा शब्द फसवा आहे. मामूंच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे. त्यांच्या डोक्यावर ध्रुवावरच्या बर्फाचे पाप घालणे हा अन्यायच होईल. श्रीमंतांनी जाळावे आणि गरिबांना काटकसरीचे धडे द्यावेत, ही रीत जुनीच आहे.

मग कसूर कोणाचा? इथे मला दौंडची भीमाच आठवते. पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. शहराचे सांडपाणी, त्यातले बरेचसे प्रक्रियेविना, तिच्याबरोबर खाली येते. पात्रात जलपर्णी माजते, वास सुटतो. मामू दर उन्हाळ्यात याबद्दल बोलतात. आणि मी? मी गेली कित्येक वर्षे पुण्यात राहतो. माझ्या न्हाणीघराचे पाणी मामूंच्या नदीत जाते. मला कोणी विचारले असते, तर मीही हेच म्हटले असते : मी फक्त आंघोळ केली, यात माझा काय कसूर?

वाक्य तेच आहे, पण बोलणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो. मामूंच्या तोंडी ते खरे आहे, माझ्या तोंडी ती पळवाट आहे. माझ्या घरात वातानुकूलन यंत्र आहे, दारात मोटार आहे, आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच होते. मी कोणाचे वाईट चिंतले नाही हे कबूल. पण दोष हेतूवर ठरतो, जबाबदारी मात्र आपल्या हातात काय होते यावर ठरते. ज्याच्याकडे सोडण्यासारखे आहे, त्याने आधी सोडायचे असते.

शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कालव्याच्या टेलला बसलेला माणूस वरच्याच्या नावाने बोटे मोडतो. त्याला स्वतःला वरच्या अंगाला जमीन मिळाली, की तोही दार जरा जास्तच वेळ उघडे ठेवतो. प्रत्येक जण कोणाच्या तरी टेलला असतो आणि कोणाच्या तरी वर असतो. धुराच्या नदीला काठ नसतात, म्हणून तिच्या खालच्या अंगाची माणसे आपल्याला दिसत नाहीत, इतकेच. पाणी काय, हवा काय, अमानतच. वापरून पुढे द्यायची.

परवा दौंडला गेलो होतो. मामू आता गाडी लावत नाहीत. मे महिन्यातली दुपार त्यांना उभ्याने सोसत नाही. म्हणाले, “पहले से धूप बहुत बढ़ गई रे.” त्यांनी मला कसूर विचारला नाही. मीच म्हणालो, “मामू, तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर सापडलेय. तुमचा नाही.”

ते हसले. “तो फिर किसका?”

मी भीमेकडे पाहिले. वरून, माझ्या गावाकडून, पाणी येतच होते.