तिसरे पाऊल

दिवाळी अंकाच्या पानावर शोकाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. चकलीचा घाणा उतरत असताना आणि अंगणात रांगोळी भरली जात असताना मरणाचे बोलू नये, हे मलाही समजते. पण ज्या सणासाठी हा अंक निघतो, त्या सणाच्या ऐन मध्यावर एका पराभूत राजाची पूजा आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचा पाडवा हा बळीचा. देवाने ज्याला पाताळात घातले त्याचेच राज्य पुन्हा यावे, असे आपल्या घरातल्या बाया ओवाळताना म्हणतात. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे शब्द आमच्या लातूर-नांदेडकडे अक्षरओळख नसलेल्या म्हातारीच्याही तोंडी असतात.

बळीची कथा सर्वांना ठाऊक आहे. दारी आलेला बटू साधा नाही, हे शुक्राचार्यांनी त्याला सांगितले होते. तरी दिलेला शब्द त्याने फिरवला नाही. दोन पावलांत त्रैलोक्य गेले. ती दोन पावले वामनाने घेतली. तिसरे मात्र त्याला घेता येईना, कारण पाऊल ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा बळीने आपले मस्तक पुढे केले. म्हणजे दोन पावले त्याच्याकडून घेतली गेली आणि तिसरे त्याने दिले. शोकांतिका ही सगळी या तिसऱ्या पावलात आहे, असे मला वाटते.

मी पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ॲरिस्टॉटल मला भेटला तो विंदा करंदीकरांच्या मराठीतून. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की शोकांतिकेचा नायक अगदी पुण्यपुरुषही नसावा आणि अगदी नीचही नसावा. तो दुष्टपणामुळे नव्हे, तर हातून घडलेल्या प्रमादामुळे कोसळावा. हे वाचताना मला बळी आठवला. त्याचा प्रमाद कोणता? दान. पण दान हेच तर त्याचे मोठेपण! माणूस आपल्या दुर्गुणाने बुडाला तर आपण तात्पर्य काढून मोकळे होतो. तो आपल्या सद्गुणानेच बुडाला, तर तात्पर्य कसे काढावे?

आपल्या परंपरेला हा प्रश्न फार काळ उघडा ठेवणे मानवले नाही. पुराणाने बळीला सुतळाचे राज्य दिले आणि विष्णूला त्याच्या दारी पहारेकरी करून उभे केले. संस्कृत नाट्यशास्त्राने रंगमंचावर मृत्यूच नको म्हटले. भासाने ‘ऊरुभंग’मध्ये मांडी मोडलेल्या दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू दिले, तो अपवाद. आम्हा मास्तरांचेही तेच. धड्याच्या शेवटी चांगल्याचे चांगले झालेले आम्हाला हवे असते.

परंतु हल्ली हाच शब्द फार स्वस्त झाला आहे. पूर आला, शोकांतिका. पूल कोसळला, शोकांतिका. क्रिकेटचा सामना हरलो तरी तीच. आमच्या भागात या शब्दाचा जितका पाऊस पडला तितका क्वचितच कुठे पडला असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावे झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून ‘शोकांतिका’ हा शब्द मी प्रथम वाचला तो त्या दिवसांत.

आज त्या शब्दाचा विचार करतो तेव्हा मन दोन बाजूंना ओढले जाते. त्या माणसांना कोणी मारले? भूकंपाने, हे खरे. पण अंगावर आल्या त्या भिंती. दगड आणि चिखलाच्या रुंद भिंती, आणि वर लाकूड टाकून घातलेले मातीचे जड माळवद. ज्या भिंतींनी उन्हाळा बाहेर ठेवला, चोराचिलटाला अडवले, ज्यांच्या जाडीवर घराची प्रतिष्ठा मोजली गेली, त्याच भिंतींनी घात केला. ज्याने राखले त्यानेच मारले. वरवर पाहता शोकांतिकेची घडण नेमकी हीच.

तरीही तो शब्द मला तिथे चालत नाही. किल्लारीच्या माणसाला कोणी काही विचारले नव्हते. शुक्राचार्यांचा इशारा नव्हता. आदल्या वर्षी धक्के जाणवले होते. पण एवढा मोठा अनर्थ येतो आहे, हे त्यांना कोण सांगणार होते? बापजाद्यांनी बांधली तशी घरे त्यांनी बांधली. त्यांच्याकडून सारे घेतले गेले. त्यांनी दिले असे काहीच नव्हते. तिथे तिसरे पाऊल नाही. तो घाला होता, अनर्थ होता. त्याला शोकांतिका म्हटले की आपण नकळत प्रेक्षक होतो. डोळे टिपतो आणि पडदा पडायची वाट पाहतो. नाटकातल्या माणसाला वाचवायला कोणी रंगमंचावर धावत नाही. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे धावावे लागते आणि पुढच्या घराची भिंत कशी बांधावी हेही विचारावे लागते. चुकीच्या शब्दाने हे दोन्ही प्रश्न झाकले जातात.

मग शोकांतिका कुणाची? गडकऱ्यांच्या सुधाकराची. १९१९ साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ पुष्कळांना दारूबंदीचे नाटक वाटते. मला ते मानी माणसाचे नाटक वाटते. हुशार, तडफदार वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ जाते आणि तो अपमान विसरण्यासाठी पहिला प्याला येतो. मान नसलेला माणूस तो अपमान दोन दिवसांत विसरून गेला असता. ज्या मानी स्वभावाने त्याला उभे केले, त्यानेच त्याला पाडले. हीच ती भिंत; मात्र ही त्याने स्वतः उचललेली.

आमच्या मुलांना कर्ण फार आवडतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ पासून घराघरांत त्याला नेऊन बसवले. “सर, त्याचे काय चुकले?” असे एका मुलीने मला विचारले होते. नांदेडचे नरहर कुरुंदकर महाभारताकडे वळत ते मूळ संहितेतला माणूस शोधायला. कर्णाभोवतीच्या निर्दोषपणाच्या वलयाचा त्यांना मोह नव्हता. ती वाट धरून मी त्या मुलीला उद्योगपर्वाकडे नेले. कृष्ण कर्णाला जन्माचे रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो. जय पांडवांचा आहे हे त्याला दिसते, तरीही तो दुर्योधनाला सोडत नाही. आणि तिथेच, दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कठोर बोललो, त्याचा आज मला ताप होतो, असेही तो कबूल करतो. शाप, जन्म, जात हे सारे त्याच्यावर लादलेले होते. पण हे बोलणे त्याचे स्वतःचे. ‘हे मी केले’ असे ज्या क्षणी तो म्हणतो, त्या क्षणी तो केवळ दुर्दैवी राहत नाही, नायक होतो. निर्दोष कर्ण मला दयेचा विषय वाटतो. दोषी कर्णापुढे मात्र मान लवते.

तेवढ्याने प्रश्न संपत नाही. नायक मस्तक पुढे करतो, तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभे असते? बळीची राणी विंध्यावली बटूचे पाय धुवायला पाणी घेऊन आली होती. सुधाकराच्या घरात सिंधू लोकांची दळणे दळते आणि मूल बापाच्याच हातून मरते. त्या मुलाला कोणी काय विचारले होते? नायकाचे तिसरे पाऊल त्याच्या घरावर पुष्कळदा किल्लारीसारखे पडते. आपण टाळ्या वाजवतो त्या त्याच्या पडण्याच्या थोरपणाला. त्याच्याखाली सापडलेल्यांना टाळीही नसते.

म्हणून, वाचकहो, तो शब्द जपून वापरावा असे मला वाटते. ज्याच्याकडून सारे हिरावले गेले त्याला शोकांतिकेचा नायक म्हणून सजवू नये. त्याच्याकडे धावून जावे. आणि ज्याने जाणून पाऊल टाकले, त्याच्यासाठी नशिबाची सबब शोधू नये. तसे करणे म्हणजे त्याचा उरलासुरला मोठेपणा काढून घेणे होय. यंदा पाडव्याला शेणाचा बळी मांडाल, तेव्हा त्याच्या शेजारी एखादी पणती विंध्यावलीसाठीही लावावी.