निरुपयोगी नौका

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यास समुद्र नाहीं, बंदर नाहीं, जहाजें बांधणाऱ्यांची परंपराहि नाहीं. तरी या भागांत क्वचित् एखादा गृहस्थ असा भेटतो कीं, जो दिवसा कारखान्यांत मोटारीचा एखादा भाग घडवितो आणि रात्रीं घराच्या गॅलरींत बसून जहाज बांधतो. हें जहाज दोन-तीन हात लांब असतें. त्यास कणा असतो, आडव्या फांसळ्या असतात, आणि त्यांवर पातळ फळ्या एकेक करून वांकवून बसविलेल्या असतात. पोटांत विजेची मोटर व बॅटरी, मागें मळसूत्री पंखा व सुकाणूं. कांठावर उभें राहून हातांतील पेटींतून रेडिओच्या लहरी सोडावयाच्या, आणि नौकेनें त्यांप्रमाणें वळावें, थांबावें, परत यावें, असा हा खेळ आहे. अशी एक नौका पुरी होण्यास कधीं सहा महिने लागतात, कधीं दोन वर्षें. तींत कोणी बसत नाहीं. तींतून कांहीं वाहून नेतां येत नाहीं. आणि ती विकावयास काढली तर तींत घातलेल्या रात्रींचें मोल कोणी देत नाहीं.

अशा कामास आयुष्यांतील इतका काळ देणें योग्य आहे काय? हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती वाटतो. पुष्कळ घरांत तो विचारला जातो, आणि ‘छंद’ हा शब्द उच्चारून मिटविलाहि जातो. परंतु एखाद्या गोष्टीस नांव दिल्यानें तिचा उलगडा होत नाहीं. बुद्धिमान् व कष्टाळू माणसानें निरुपयोगी वस्तूसाठीं इतके श्रम कां करावे, आणि त्या श्रमांनीं त्याचें किंवा इतरांचें कांहीं हित होतें काय, हा नीतीचा प्रश्न आहे. त्याचा विचारहि त्याच दृष्टीनें केला पाहिजे.

या छंदाचा कैवार घेणारे लोक बहुधा उपयुक्ततेचा आश्रय करितात. लहान नौकांनींच मोठीं जहाजें घडविलीं, असें ते सांगतात, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानें १८७२ सालीं टॉर्की येथें एक लांब हौद बांधवून त्यांत मेणाच्या नौका ओढून पाहिल्या, आणि लहान नौकेस होणाऱ्या पाण्याच्या विरोधावरून मोठ्या जहाजास किती विरोध होईल हें काढण्याची रीत घालून दिली. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें रेडिओच्या लहरींनीं दूरून चालणारें जें यंत्र लोकांस दाखविलें तें विमान नव्हतें कीं गाडी नव्हती. ती एक लहानशी नौकाच होती. फार दूर कशाला, पुण्याजवळ खडकवासला येथें केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र आहे, ज्याची स्थापना १९१६ सालची आहे. तेथें बंदरांच्या लहान प्रतिकृति बांधून त्यांत कृत्रिम लाटा उठवितात, आणि त्यावरून खऱ्या बंदराच्या रचनेविषयीं सल्ला देतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेंतहि जहाजांच्या प्रतिकृति करण्याची स्पर्धा असते.

परंतु हा कैवार आमच्या गृहस्थाच्या कामाचा नाहीं. त्याच्या नौकेवरून कोणी जहाज बांधणार नाहीं, आणि त्याची तशी अपेक्षाहि नाहीं. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हातीं उपयोगी पडली एवढ्यावरून ती याच्या हातींहि सार्थ झाली असें म्हणणें म्हणजे शेजाऱ्याच्या पुण्यावर आपण स्वर्गास जाण्यासारखें आहे.

दुसरा कैवार विश्रांतीचा. दमलेल्या माणसास विरंगुळा नको काय, असें कोणी विचारील. पाहिजे, यांत शंका नाहीं. पण विरंगुळा म्हणावा तर तो इतका कष्टाचा कां असावा? दिवसभर मायक्रोमीटरनें लोखंड मोजून आलेला माणूस रात्रीं पुन्हां भिंग लावून लाकूड मोजीत बसतो. कामाचा ज्यास कंटाळा आला आहे तो त्याहून अवघड काम आपण होऊन अंगावर कां घेतो? आमच्या मतें त्यास कामाचा कंटाळा आलेला नसतोच. त्यास कामाच्या तुकड्याचा कंटाळा आलेला असतो. हा भेद नीट ध्यानांत घेतला तर प्रश्नाचें खरें स्वरूप दिसूं लागेल.

ॲडम स्मिथ यानें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत टांचणीच्या कारखान्याचें जें उदाहरण दिलें आहे तें अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. कामाचे विभाग पाडले म्हणजे दहा माणसें दिवसाकांठीं ४८,००० टांचण्या करितात. तेंच एकट्यास पुरी टांचणी करावयास लावली तर त्याला दिवसांत वीसहि साधावयाच्या नाहींत. परंतु त्याच ग्रंथांत पुढें स्मिथनें दिलेला इशारा विद्यार्थ्यांच्या स्मरणांत क्वचितच राहतो. ज्याचें सारें आयुष्य एकदोन साध्या क्रिया करण्यांत जातें, त्याची बुद्धि वापरावांचून मंदावते, असें तो स्पष्ट सांगतो. आमच्या या पट्ट्यांत श्रमविभागाचा पूर्ण विस्तार पाहावयास मिळतो. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथें व शेवटीं कांद्याच्या बाजाराविषयीं प्रसिद्ध असलेल्या चाकणास कारखान्यांची रांग लागली. एका मोटारींत हजारों सुटे भाग असतात. त्यांतील एक भाग एका कारखान्यांत होतो, त्या भागाचें एक भोंक एका यंत्रावर पडतें, आणि त्या यंत्रापाशीं एक माणूस उभा असतो. त्याचें भोंक बरोबर पडलें कीं त्याचें कर्तव्य संपलें. मोटार चालली तर श्रेय त्याचें नाहीं, न चालली तर दोष त्याचा नाहीं.

आतां तोच माणूस नौका बांधतांना पाहावा. समजा, त्यानें ‘विशाखापट्टणम्’ ही युद्धनौका निवडली. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली ही नौका २०२१ सालीं नौदलांत दाखल झाली. तिची लांबी १६३ मीटर आणि वजन सुमारें ७,४०० टन. शंभरांश प्रमाणानें प्रतिकृति करावयाची तर लांबी १ मीटर ६३ सेंटिमीटर होते. पण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणांत उतरत असल्यामुळें तें साडेसात किलोच्या आंतच राहिलें पाहिजे. वेगाचा नियम आणखी निराळा. तो लांबीच्या वर्गमूळाप्रमाणें उतरतो. म्हणून ३० नॉटनें जाणाऱ्या जहाजाची प्रतिकृति ३ नॉटनें, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या गतीनें, गेली तरच तिच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या उठतात. हौशी माणूस वरच्या मजल्यांवर तोफा, शिड्या, कठडे यांची शोभा वाढवीत जातो, आणि जितकी शोभा वर चढते तितकें जहाज कलंडावयास टेकतें. मग तळाशीं शिसें घालावें, तर वजनाची मर्यादा ओलांडते. पंख्याचा दांडा जेथून बाहेर पडतो त्या नळींत ग्रीस कमी पडलें तर तेथून पाणी शिरतें.

येथें एकाहि चुकीचें खापर दुसऱ्याच्या माथीं फोडतां येत नाहीं. कणा त्याचा, फळी त्याची, तारा त्याच्या, आणि हिशेबहि त्याचाच. पाणी त्याची भीड धरीत नाहीं कीं त्याचा दर्जा विचारीत नाहीं. शिवाय नौका एकदां कांठापासून तीस हात दूर गेली म्हणजे तिला हात लावून सांवरण्याचीहि सोय उरत नाहीं. पेटींतून आज्ञा देतां येते. पण ती आज्ञा पाळण्याची पात्रता आपण तिच्या अंगीं आधींच घातली असेल तरच ती पाळली जाते. बुडाली तर समग्र बुडते आणि परत आली तर समग्र परत येते. कारखान्यांत जो एका भोंकापुरता जबाबदार होता तो येथें पूर्ण वस्तूस जबाबदार होतो. या छंदाचें सुख आहे तें यांतच, असें आम्हांस वाटतें.

पूर्ण वस्तु म्हणजे तिच्या भागांची बेरीज नव्हे, याचें एक विलक्षण उदाहरण याच पट्ट्याशीं निगडित आहे. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ सालीं सेवेंतून निवृत्त झाली, कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ सालीं ती तोडण्यास आरंभ झाला. तिच्या धातूचा कांहीं अंश घालून आकुर्डीच्या बजाज कंपनीनें २०१६ सालीं एक मोटरसायकल बाजारांत आणली. तेव्हां ‘विक्रांत’चें लोखंड आजहि रस्त्यावर धांवत असेल, परंतु त्या लोखंडांत ‘विक्रांत’ कोठें आहे? उलट एखाद्याच्या कपाटावरच्या लाकडी प्रतिकृतींत तिच्या लोखंडाचा कणहि नसतो, आणि तरी पाहणारा म्हणतो, “ही विक्रांत.” वस्तूचे अंश शिल्लक राहून वस्तु नाहींशी होऊं शकते, ही गोष्ट माणसांच्या समाजासहि लागू आहे. समाजाच्या पट्ट्यांतील प्रत्येक अंश आपापल्या जागीं चोख काम करीत असावा, आणि समग्राची मात्र वाताहत व्हावी, हें अशक्य नाहीं. तें आमच्या डोळ्यांदेखत घडत आहे.

कारण ही नौका सोडावयाची कोठें? या भागास पवना आहे, मुळा आहे, इंद्रायणी आहे. पवनेच्या कांठीं चिंचवडास मोरया गोसावींची समाधि आहे. इंद्रायणीच्या कांठीं देहू आणि आळंदी आहेत. ज्या नद्यांच्या नांवावर आमची भक्ति पोसली त्यांत दोन हातांची नौका सोडावयाची सोय उरलेली नाहीं. पवनेवर जलपर्णीचें हिरवें पांघरूण पसरतें. त्यांत पंखा अडकून मोटर जळते. आळंदीस इंद्रायणीवर अलीकडील वर्षांत वारंवार पांढऱ्या फेसाचे थर आले, आणि वारकऱ्यांनीं त्यांतच स्नान केलें. या घाणीस जबाबदार कोण, असें विचारावें तर प्रत्येकजण आपला अंश दाखवितो. अधिकाऱ्याचा कागद नियमाप्रमाणें आहे, अभियंत्याचें यंत्र ठरल्याप्रमाणें चालतें, कामगाराचें भोंक बरोबर पडलेलें आहे. आणि हें मैलें पाणी केवळ कारखान्यांतून येत नाहीं. आमच्यासारख्या सुशिक्षितांच्या घरांतील मोऱ्यांतूनहि येतें. आम्हीं पट्टी भरली कीं आमचें कर्तव्य संपलें. नदी मात्र कोणाच्याच वांट्यास आलेली नाहीं. अंशाचे जबाबदार हजारों, आणि समग्राचा जबाबदार एकहि नाहीं, अशी ही स्थिति आहे.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, नौका बांधणारा गृहस्थ तरी काय करितो? नदी घाण दिसली कीं तो मोटारींत नौका घालून चाकणच्या पलीकडे एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यावर जातो आणि स्वच्छ पाण्यावर आपली दुपार सुखानें घालवितो. हा आक्षेप खरा आहे. छंदानें माणूस आपोआप सुजन होतो असें आमचें म्हणणें नाहीं. दोन हात लांबीच्या समग्राची काळजी वाहून जो दोन कोसांवरच्या समग्राकडे पाठ फिरवितो, त्याचें कौशल्य कितीहि मोठें असलें तरी तें एका सुबक पळवाटेपलीकडे जात नाहीं.

परंतु पळवाट हीच एक वाट नव्हे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. मधून १९७५ सालीं पदवी घेऊन पुण्याच्या टेल्को कंपनींत ट्रक बनविण्याच्या कामास लागले. १९७८ सालीं रजा घेऊन ते मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत खेड्यांतील मुलांच्या विज्ञानशिक्षणाच्या कामीं गेले. पुढें काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, फेंकून दिलेल्या बाटल्या असल्या वस्तूंतून खेळणीं करून तीं मुलांस शिकविण्यांत त्यांनीं आयुष्य घातलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. खेळणें हें खेळणेंच राहिलें. पण त्यांतून समग्र वस्तु समजून घेण्याची जी गोडी लागते ती त्यांनीं एकट्यापुरती ठेविली नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. निरुपयोगी नौकेस दिलेला काळ वायां जात नाहीं. ज्या जगांत माणसास अंशापुरतेंच जबाबदार राहण्याची संवय लागली आहे, तेथें पूर्ण वस्तूचें उत्तर एकट्यानें देण्याचा अनुभव हीच मोठी शिकवण आहे, आणि ती या गॅलरींत मिळते. परंतु शिकवण मिळाल्यानें कर्तव्य पुरें होत नाहीं. तेथून त्यास आरंभ होतो. पंख्यांत जलपर्णी अडकली म्हणजे ती कापून काढून घरीं जावें, कीं ती तेथें कां वाढली हें विचारीत नगरपालिकेच्या दारापर्यंत, कारखान्याच्या व्यवस्थापकापर्यंत आणि आपल्या घरच्या मोरीपर्यंत जावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे. ज्यानें एकदां कण्यापासून सुकाणूंपर्यंत एक जहाज आपल्या हातानें उभें केलें, त्यास ‘हें माझें काम नव्हे’ हें वाक्य इतरांपेक्षां थोडें जड जावें, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून करणें आम्हांस रास्त वाटतें.