विश्वास आणि आज्ञापालन : ख्रिस्ती विचारातील एक जुना प्रश्न

विश्वास आणि आज्ञापालन यांचे नाते बायबलच्या भाषेतच रुजलेले आहे. हिब्रूतील ‘शमा’ या क्रियापदाचा अर्थ ऐकणे असा होतो आणि सांगितलेले मानणे असाही. ‘मूल ऐकत नाही’ या मराठी बोलण्यातही हाच दुहेरी अर्थ आहे. नव्या करारातील आज्ञापालनाचा ग्रीक शब्द ‘हुपाकोए’ हाही ऐकण्याच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी आणि शेवटी प्रेषित पौल विश्वास व आज्ञापालन यांचा एकत्रच उल्लेख करतो.

पहिला पेच अब्राहामाच्या कथेवरून पडला. देवाच्या वचनावर विश्वास ठेवल्याने अब्राहाम नीतिमान ठरला, असे पौल उत्पत्तीच्या १५व्या अध्यायाच्या आधारे सांगतो. सुंतेची आज्ञा १७व्या अध्यायात येते, याकडे तो लक्ष वेधतो. याकोबाचे पत्र २२व्या अध्यायाकडे बोट दाखवते. आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवण्याच्या कृतीत अब्राहामाचा विश्वास पूर्ण झाला. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे ते पत्र सांगते. दोघांपुढचे प्रसंग मात्र वेगळे होते. यहुदीतर विश्वासणाऱ्यांवर सुंतेची अट लादू नये, हा पौलाचा आग्रह होता. उपाशी, उघड्या भावंडाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांना याकोब जाब विचारत होता.

पाचव्या शतकात वाद मानवी सामर्थ्याकडे वळला. देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची क्षमता माणसात आहे, असे पेलागियसचे म्हणणे होते. आज्ञा पाळण्याची इच्छाच देवाच्या कृपेने जागी होते, असे ऑगस्टीनचे उत्तर होते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसपंथी मतांचा निषेध केला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रीतीला विश्वास आणि आज्ञापालन यांमधील दुवा मानले. त्याच्या मते प्रीतीमुळे विश्वासाला पूर्ण आकार येतो. प्रीती नसेल तर तो अपुरा राहतो.

सोळाव्या शतकात प्रश्न क्रमाचा झाला. १५२० साली मार्टिन लूथरने झाड आणि फळ यांचा दृष्टान्त वापरला : चांगल्या फळाने झाड चांगले होत नाही, चांगले झाडच चांगले फळ देते. याकोबाच्या पत्राला त्याने १५२२ साली पेंढ्याची उपमा देऊन कमी लेखले. पण विश्वासणाऱ्याला नियमशास्त्राचा उपदेश नको, असे त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला, तेव्हा लूथरने त्याला विरोध केला. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात ‘नवे आज्ञापालन’ हे स्वतंत्र कलमच आहे : विश्वासाने सत्कृत्ये उपजली पाहिजेत, मात्र त्यांच्या जोरावर तारणाचा हक्क सांगता येत नाही. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने नीतिमान ठरण्याचा आरंभ कृपेनेच होतो हे मान्य केले. परंतु कृपेत केलेल्या सत्कृत्यांनी नीतिमत्त्व वाढते, असेही ठरवले.

पुढे लूथरपंथातच निराळी अडचण उभी राहिली. मते शुद्ध, पण आचरण कोरडे. फिलिप याकोब श्पेनरने १६७५ साली या कोरडेपणावर टीका केली आणि त्यातून भक्तिवादी चळवळीला चालना मिळाली. नाझी राजवटीत डीट्रिख बॉनहोफरने १९३७ साली तोच प्रश्न अधिक टोकदारपणे मांडला. शिष्यत्वाचे मोल न मागणाऱ्या कृपेला त्याने ‘स्वस्त कृपा’ म्हटले. विश्वास आधी की आज्ञापालन, हा क्रम तर्कात लावता येतो; प्रत्यक्षात पाऊल उचलल्याशिवाय विश्वासही उभा राहत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आली.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लूथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी आउग्सबुर्ग येथे या वादावरील एका संयुक्त घोषणेला मान्यता दिली. माणूस कृपेने स्वीकारला जातो आणि सत्कृत्ये ही त्या स्वीकाराची फळे आहेत, यावर त्यांचे एकमत झाले. त्या फळांचे मोल कसे मांडावे, याविषयीचे भेद उरले. पण फळाविना झाड चालेल, असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही.