रिकामा रकाना

ज्याची नोंद नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याचा अधिकार हिशेबनिसास आहे काय, हा प्रश्न वरकरणी दप्तरखान्यातला वाटला तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा आणि अंती धर्माचा आहे. आणि एके काळी सावकाराच्या पेढीवर उद्भवणारा हा प्रश्न आता शाळेतील संगणकाच्या पडद्यावर येऊन उभा राहिला आहे.

आपल्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि अर्थनियोजन ही दोन्ही प्रकरणे एकाच पुठ्ठ्यात बांधलेली आहेत. पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या, काळ्या जमिनीच्या चुडाव्यासारख्या गावी एखाद्या शिक्षकाने ती एकत्र शिकवावयाची म्हटले, तर मशागतीसाठी ट्रॅक्टर भाड्याने आणावा की घरचा बैलबारदाना राखावा, याहून समर्पक उदाहरण शोधण्यास दूर जावे लागणार नाही. समजा, ट्रॅक्टरचे भाडे एकरी 2000 रुपये धरले, आणि बैलजोडीच्या कडब्या-पेंडीचा वार्षिक खर्च 30,000 व त्यावर एकरी 500 रुपये धरला, तर स्प्रेडशीट क्षणार्धात दोन रेषा काढून देते. त्या 20 एकरांवर परस्परांस छेदतात, आणि त्याहून कमी जमीन कसणाऱ्याने बैल विकावेत असा निवाडा आलेख जणू मोहोर उमटवून देतो.

परंतु पहाटे उठून गोठा झाडणाऱ्या, वैरण-पाणी करणाऱ्या घरच्या बाईच्या श्रमांचा रकाना या तक्त्यात रिकामा राहिला आहे, कारण त्या श्रमांची पावती कोणी फाडीत नाही. आणि बेरीज करताना यंत्र रिकाम्या चौकोनास शून्याप्रमाणेच वागविते. मौजेची गोष्ट अशी की, सरासरी काढताना तेच यंत्र रिकामा चौकोन वगळते आणि शून्य मात्र जमेस धरते. म्हणजे ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतील भेद त्यास अगदीच अपरिचित नाही. हा भेद आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वीच मांडून ठेवला होता. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धी हे अभावाचे ज्ञान करून देणारे स्वतंत्र प्रमाण मानले खरे, पण त्यास एक अट घातली: ती वस्तू असती तर येथे दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडातल्या जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येईल. अंधारात तसे म्हणता येत नाही. पावत्यांवरून मांडलेल्या तक्त्यात बिनपावतीचे श्रम दिसत नाहीत, त्याचे कारण तेथे त्यांच्यापुरता अंधार आहे.

तो रकाना भरल्याने निकाल आपल्या भावनेस रुचेलच, असेही समजू नये. त्या श्रमांचे 18,000 रुपये धरताच छेदनबिंदू 32 एकरांवर जातो आणि बैल अधिकच महाग ठरतात. शेणखताचे 12,000 वजा केले की तो 24 वर परततो. ज्यास बैलांचा लळा आहे त्याने बाईचे श्रम झाकावेत, आणि ज्यास ट्रॅक्टरची हौस आहे त्याने शेणखत विसरावे, हा मोह दोन्हीकडे सारखाच आहे.

देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असता एका पैची चूक सापडेपर्यंत एकनाथांनी रात्र जागविली, ही कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. तथापि तेथे ताळा जमत नव्हता म्हणून चूक स्वतःच हाका मारीत होती. येथे जमाखर्च बिनचूक जुळतो, आणि जुळतो म्हणूनच शंका येत नाही. तेव्हा नाथांइतकीच जागरूकता आज गणिताच्या आधीच्या पायरीवर हवी. बेरीज-वजाबाकीचा भार यंत्राने निःसंशय उचलावा. रकाने कोणते असावेत, हे मात्र ज्यांचे श्रम मोजावयाचे त्यांस विचारून मुलांनी ठरवावे, आणि जेथे आकडा ठाऊक नाही तेथे ‘अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. सत्याचरणाचा पाठ देण्यास वर्गात निराळी तासिका नेमण्यापेक्षा, उत्तर काढण्यापूर्वी एवढा एक नियम पाळावयास लावणे मला अधिक फलदायी वाटते.