गुपितांचे राखणदार

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उडाला आणि आमच्या एका स्तंभलेखक मित्रांची झोपही उडाली. रॉकेट आपलं, भूमी आपली, खर्चात वाटा आपला. मग या उपग्रहाने टिपलेली माहिती साऱ्या जगाला फुकट का, असा त्यांचा सवाल. ‘डेटा म्हणजे नवं तेल’ हे वापरून वापरून गुळगुळीत झालेलं वाक्यही त्यांनी सोडलं नाही. तेल एकाने जाळलं की दुसऱ्याला उरत नाही. उपग्रहाच्या प्रतिमेच्या हजार प्रती काढल्या तरी मूळ प्रत शाबूत असते. शिवाय त्याच उपग्रहावरचा एल-बँड रडार नासाचा आहे आणि एस-बँड इस्रोचा. दोघांचीही माहिती दोघांना मिळते, वर जगालाही. यात कोण कुणाचं फुकट खातंय, हा हिशेब मित्रांनी मांडलेलाच नाही.

असली राखणदारी आपल्याकडे कशी चालते, ते जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात दिसलं. घरांना तडे जात होते, माणसं सामान बाहेर काढत होती. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने कार्टोसॅटच्या प्रतिमा तपासून सांगितलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी एवढ्या काळात जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. अहवाल संकेतस्थळावर आला, वर्तमानपत्रांत छापून आला आणि लगोलग उतरवलाही गेला. संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, अशी तंबी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिली. युरोपचा ‘सेंटिनेल-१’ त्या डोंगरांवरून जातच होता आणि त्याची माहिती कुणालाही खुली होती. म्हणजे परक्या संशोधकापासून काहीच लपलं नाही. अंधारात राहिले ते ज्यांच्या भिंती फुटल्या ते.

मित्रवर्य पुण्याचे. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकात सिग्नलला ते अनेकदा थांबले असतील. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. खातं सिमल्यात असताना, १९०४ पासून वीस वर्षं, गिल्बर्ट वॉकर त्याचे प्रमुख होते. केंब्रिजचे गणिती, बूमरँग परत कसं येतं यावर डोकं चालवणारा माणूस. हवामानशास्त्राशी त्यांचा फारसा संबंध नव्हता आणि ते बरंच झालं म्हणायचं. १८९९ चा मान्सून दगा देऊन गेला होता, खात्याचा अंदाज सपशेल आपटला होता. गुजरात-राजस्थानात अजून ‘छप्पनिया’ म्हणून आठवतात तो हाच दुष्काळ. वॉकरांनी ताडलं की आपल्या पावसाची किल्ली निव्वळ आपल्या आकाशात शोधून सापडायची नाही. मग ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, पॅसिफिकमधली बेटं, जिथून मिळतील तिथून हवेच्या दाबाचे आणि पावसाचे आकडे त्यांनी जमवले. यंत्रं नव्हती. खात्यातले हिंदी कारकून कागदावर बेरजा-गुणाकार करून एका ठिकाणच्या आकड्यांचा दुसऱ्या ठिकाणाशी मेळ बसतो का, ते तपासत बसले. त्यातून दिसलं की पॅसिफिकवर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलटही. वॉकरांनी याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. एल निनोशी त्याचं नातं पुढे १९६० च्या दशकात ब्यर्कनेस यांनी जोडलं. आज जूनमध्ये आपण वर्तमानपत्रात एल निनोची बातमी शोधतो, तिचं मूळ हे. यातली कित्येक केंद्रं ब्रिटिश साम्राज्याची होती, मान्य. पण चिली आणि अर्जेंटिना साम्राज्यात नव्हते. आमचा वायुभारमापक, आमचे आकडे, असं त्यांनी म्हटलं असतं तर?

मात्र मित्रांच्या बाजूचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. तो त्यांना सुचलाच नाही, म्हणून मीच मांडतो. अमेरिकेच्या लँडसॅटचा कारभार १९८० च्या दशकात खासगी कंपनीकडे गेला आणि एकेका प्रतिमेला हजारो डॉलर पडू लागले. पुढे किंमत उतरली, तरी २००८ पर्यंत ती विकतच घ्यावी लागे. मग एका धोरणाने सगळं खुलं झालं. जून २०२५ मध्ये, ऐन चक्रीवादळांच्या हंगामात, अमेरिकेने आपल्या लष्करी हवामान उपग्रहांची सूक्ष्मलहरी माहिती जेमतेम आठवड्याच्या सूचनेने बंद करायचं जाहीर केलं. ओरड झाली, मुदत वाढली, शेवटी निर्णय फिरला. फिरला नसता तर? मर्जीने उघडलेलं दार मर्जीने बंदही होतं, आणि आपण त्याला सहकार्य म्हणत बसतो. हवामानाच्या मूलभूत माहितीबाबत जागतिक हवामान संघटनेचा १९९५ चा ठराव आहे, २०२१ मध्ये तो नव्याने झाला. जमिनीच्या प्रतिमांसाठी आहेत ती संयुक्त राष्ट्रांची १९८६ ची तत्त्वं: ज्या देशाची प्रतिमा, त्याला ती ‘वाजवी किमतीत’ मिळावी. फुकट नव्हे, आणि बंधनकारक तर नाहीच.

म्हणून निसारचं दार उघडं ठेवणं पुरेसं नाही. सरकारं बदलली तरी मोडता येणार नाही असा बंधनकारक करार हवा आणि तो मागायला भारताने पुढे व्हावं. फक्त त्याआधी एक गोष्ट करावी लागेल. २०१७ मध्ये डोकलामच्या वादात चीनने ब्रह्मपुत्रेचे आकडे दिले नाहीत, तेव्हा आपण रास्त संतापलो. पण गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांच्या प्रवाहाचे आपलेच आकडे आपल्याच संशोधकांसाठी गोपनीय वर्गात आहेत. ते आधी खुले करावेत.