कूट आणि काळबादेवी

बाबू गेनूंचा विषय निघाला की मंचर-घोडेगावकडे माणसं जरा ताठ बसतात. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. वय अवघं बावीस. डिंभ्याच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे. अशाच एका बैठकीत इतिहास शिकवणारे एक परिचित म्हणाले, "भावना ठीक आहेत, पण इंग्रज वाकले ते युरोपातल्या लढायांमुळे. लॉरीपुढे पडून राज्यघटना बदलत नसतात." ते वाक्य अजून सलतं आहे.

त्यांच्याकडे दाखले आहेत, हे मान्य. १८०६ साली येनाला नेपोलियनने धूळ चारली आणि पुढच्याच वर्षी प्रशियाने भूदासपद्धत मोडायला घेतली. क्रिमियात हरल्यावर झारने १८६१ मध्ये भूदास मोकळे केले, जपानकडून मार खाल्ल्यावर १९०५ मध्ये ड्यूमा ही संसद कबूल केली. आपल्याकडे यायचं तर फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि मार्चमध्ये क्रिप्स सुधारणांचा प्रस्ताव घेऊन दिल्लीत हजर झाले. हे सगळं क्रमिक पुस्तकातलं.

पण १९३० साली युरोपात कोणती लढाई चालू होती? लंडनमध्ये गोलमेज परिषद भरली होती. बाबूच्या मृत्यूच्या बरोबर महिनाभर आधी तिचं उद्घाटन झालं. आंबेडकर, जयकर, मुंजे तिथे होते, काँग्रेस नव्हती. बाबूच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत व्हाइसरॉय आयर्विननी गांधींशी करार केला. बहिष्काराने लँकेशायरच्या मालाची विक्री कोसळली होती. जागतिक मंदीही होती, ती नाकारत नाही. तरी तोफ न डागता सत्तेला बोलणी करायला बसावं लागलं, याचं उत्तर परिचितांकडे नाही. म्हणून मी नेहमी म्हणत आलो आहे की दिलेली सुधारणा वेगळी आणि घेतलेला हक्क वेगळा.

खरं दिलेलं काय असतं, ते जुन्नरच्या लेण्यांत दिसतं. तिथल्या एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका यवनाने, चिटाने, भोजनमंडप दिला. हे यवन ग्रीक वंशाचे मानले जातात. सह्याद्रीतल्या भिक्षूंना पाणी मिळावं म्हणून परमुलखातून आलेल्या वंशातल्या माणसाने कातळ खोदवून घेतला; त्यासाठी कोणी लढलं नाही, कोणी मेलं नाही. लेण्याद्रीला जाणाऱ्यांपैकी फार थोडे त्या पोढींकडे वळतात, याचं मला वाईट वाटतं.

मग माँटेग्यूंची २० ऑगस्ट १९१७ ची घोषणा कुठे बसवायची? हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ, असं ती म्हणाली. टिळकांच्या होमरूलचा रेटा होताच. पण माँटेग्यू भारतमंत्र्याच्या खुर्चीवर आले कसे? २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कूटला ब्रिटिश फौज तुर्कांना शरण गेली. त्या पराभवाची चौकशी झाली, हिंदुस्थान सरकारच्या बेपर्वाईवर ठपका आला, चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी माँटेग्यू आले. शरण गेलेली ती फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन! तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली.

इथे माझीच विभागणी मला पुरेनाशी होते. कूटच्या शिपायाने हक्क घेतला नाही, त्याने काही मागितलंसुद्धा नव्हतं. आधी स्वराज्याचं बोला, मग माणसं मागा, असं टिळक जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत सांगू लागले, तर गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना अडवलं आणि ते उठून गेले. म्हणजे किंमत आधी ठरवायची सोयच नव्हती. तरी ती घोषणा या शिपायांच्या हाडांवर उभी आहे, आणि बाबूच्या बाजूने भांडताना मी त्यांना आजवर वगळत आलो. परिचितांच्या लढायांतही सेनापती आहेत, हे शिपाई नाहीत. आता मी बाबूला आणि कूटच्या शिपायाला एकाच रांगेत उभं करतो.

सरकारने मात्र तसं केलं नाही. १९१९ च्या कायद्याने मताधिकार दिला तो जमीनमहसूल किंवा कर भरणाऱ्यांना, आणि सैन्यातून निवृत्त झालेल्यांनाही. १९३५ च्या कायद्याने त्या यादीत शिपायाची निवृत्तिवेतन घेणारी विधवा आणि आई आली. लेकाच्या नावावर मतदार होण्याचा हा हक्क काळबादेवीला मेलेल्याच्या आईला नव्हता.